‘गोळ्या आज रात्रीच बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांमागचं सत्य’ हा लांबलचक मेसेज बरेच दिवस फिरतोय. दर वेळी मी तो न वाचता पुढे सरकत होतो. काल तो आत्याने पाठवला, खाली एकच ओळ लिहून: ‘मग मी काय करू आता?’ आत्याच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवून वर्षही झालेलं नाही. त्यामुळे आज गोडीगुलाबीने लिहायचा मूड नाही.

मेसेज म्हणतो: वय अधिक शंभर हेच खरं नॉर्मल बीपी. या गोळ्या म्हणजे व्यसन, आज रात्रीच बंद करा, सात दिवसांत शरीर आपोआप जुळवून घेतं. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, स्नायू आणि मेंदू पोखरते. बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते. ॲस्पिरिनने रक्ताचं पाणी होतं. आणि हा सगळा कंपन्यांचा धंदा.

वय अधिक शंभर, म्हणजे ऐंशीच्या माणसाला १८० चालेल! हा ठोकताळा एके काळी डॉक्टरांच्याही तोंडी होता, हे मान्य. वाढत्या वयात रक्तवाहिन्या ताठर होतात आणि वरचं बीपी चढतं, हेही खरं. पण मोतीबिंदूही वयानेच वाढतो, म्हणून कोणी तो डोळ्यात जपून ठेवत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हायवेट’ चाचणीत ऐंशीच्या पुढचे ३,८४५ लोक होते, सगळ्यांचं वरचं बीपी १६० किंवा त्याहून जास्त. काहींना औषध दिलं, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषधवाल्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी कमी निघालं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. वय अधिक शंभरचा निकाल तिथेच लागला.

आता तो ‘आज रात्रीच बंद करा’वाला मुद्दा. बाकीचा मेसेज नुसता अडाणी आहे, हा मुद्दा जीवघेणा आहे.

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या घ्या. ॲड्रेनॅलिन हृदयाच्या पेशींवरच्या ज्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, ती जागा या गोळ्या अडवतात. ठोके मंदावतात, हृदयाचं काम हलकं होतं, त्याला प्राणवायू कमी लागतो. पण महिनोन्‌महिने जागा अडलेली राहिली की शरीर रिसेप्टर वाढवतं. गोळी एकदम बंद केली की औषध एक-दोन दिवसांत उतरतं, वाढलेले रिसेप्टर मात्र बरेच दिवस तसेच राहतात. मग नेहमीच्याच ॲड्रेनॅलिनने हृदय जास्तच जोराने पळायला लागतं. ज्याच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद आहेत, त्याच्या छातीत कळ येते, काहींना थेट अटॅक येतो. म्हणूनच ही गोळी सोडायची झाली तर एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत सोडतात, आणि औषधासोबतच्या माहितीपत्रकात ही सूचना ठळक छापलेली असते. मेसेज लिहिणाऱ्याला तो कागद उलगडून बघायचेही कष्ट नकोत. आणि हो, याला व्यसन म्हणत नाहीत. मेटोप्रोलॉलची तलफ येऊन कोणी डोस वाढवत गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

स्टेंटचं प्रकरण आणखी गंभीर. स्टेंट म्हणजे धमनीत बसवलेली धातूची जाळी. तिच्यावर धमनीचं स्वतःचं अस्तर चढेपर्यंत रक्तातल्या प्लेटलेट्सना (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींना) ती परकी वस्तू वाटते आणि त्या तिथे गोळा होऊन गुठळी करायला बघतात. ते रोखायला ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर देतात. साधारण सहा महिने, अटॅकनंतर बहुधा वर्षभर. रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर ही मुदत कमीही करतात, पण ते हिशोब करून. आपल्या मनाने मध्येच सोडणं हे स्टेंट अचानक बंद पडण्याचं एक प्रमुख कारण आहे.

यातली खरी मेख वेगळीच आहे. गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस माणूस बरेचदा ठणठणीत असतो! बीपीचं ॲम्लोडिपिन शरीरातून हळूहळू उतरतं, दीड-दोन दिवसांत जेमतेम निम्मं. दुसऱ्या दिवशी बीपी मोजलं तर आकडा छान दिसतो. ॲस्पिरिन ज्या प्लेटलेटला निकामी करतं ती मरेपर्यंत निकामीच राहते, आणि प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं. म्हणजे मेसेजमधल्या त्या ‘सात दिवसांत’ जे बरं वाटतं, तो सोडलेल्या गोळ्यांचाच उरलेला असर असतो. माणूस खुश होऊन ग्रुपवर लिहितो, ‘मी सोडल्या, काही झालं नाही.’ पुढचा वाचून सोडतो.

स्टॅटिनने स्नायू दुखतात? काहींचे दुखतात, क्वचित गंभीर इजाही होते. मधुमेहाचा धोकाही किंचित वाढतो, विशेषतः जो आधीच काठावर आहे त्याचा. हे कोणी लपवलेलं नाही. पण २०२० साली आलेली ‘सॅमसन’ चाचणी बघा. त्रास होतो म्हणून दोन आठवड्यांच्या आत स्टॅटिन सोडून दिलेले ६० लोक त्यात घेतले. प्रत्येकाला वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या: चार स्टॅटिनच्या, चार औषध नसलेल्या गोळ्यांच्या, चार रिकाम्या. महिन्याला एक बाटली, क्रम उलटसुलट. त्रास किती होतोय ते रोज शंभरपैकी गुण देऊन नोंदवायचं. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४! त्रास खरा होता, कोणी नाटक करत नव्हतं, पण त्यातला नव्वद टक्के गोळी घेण्याच्या धास्तीतून आला होता. स्वतःचे आकडे बघितल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केलं. ही धास्ती पेरतं कोण, तर असलेच मेसेज. मेंदूचं म्हणाल तर तो आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातल्या एलडीएलवर, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलवर, अवलंबून नसतो.

किडनीचं गणित मेसेजने पार उलटं मांडलंय. किडनी खराब करतं ते चढलेलं बीपी. रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही बीपीची औषधं किडनीच्या गाळण्यांतला दाब उतरवतात. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचं काम जोखायला रक्तात मोजतात तो घटक) थोडं वर जाऊ शकतं, आणि तोच रिपोर्ट मेसेजमध्ये ‘पुरावा’ म्हणून डकवलाय. एक सावधगिरी मात्र खरी: जोराच्या उलट्या-जुलाब झाले तर या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना लगेच विचारायचं, आणि सोबत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक मनाने घ्यायचं नाही.

ॲस्पिरिनवर मेसेज अर्धा बरोबर आहे, कबूल करायला जिवावर येतंय तरी. रक्ताचं पाणी वगैरे काही होत नाही, रक्त तेवढंच दाट राहतं, फक्त प्लेटलेट्स एकमेकींना चिकटत नाहीत. पण अटॅक, स्टेंट, पक्षाघात यातलं काही नसताना ‘असू दे एक खबरदारी’ म्हणून रोज ॲस्पिरिन घेणारे ज्येष्ठ लोक असतात. २०१८ सालच्या ‘ॲस्प्री’ चाचणीत अशा १९ हजारांवर लोकांना फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. तुम्ही त्यांतले असाल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर विचारा. स्टेंटवाल्याला हा नियम लागू नाही.

राहिला धंदा. औषध कंपन्या साधुसंत नाहीत, यावर वाद नाही. पण वर नावं घेतलेल्या बहुतेक गोळ्यांची पेटंटं केव्हाच संपलीत, आज त्या कोणीही बनवतं. आणि बीपीवर उपचार करावा हे ठळकपणे दाखवणारी चाचणी कुठे झाली? अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत, १९६७ साली. खालचं बीपी ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७० जणांत गंभीर घटना घडल्या २७, औषध घेणाऱ्या ७३ जणांत दोन.