ॲम्बेसेडरच्या क्रॉसच्या कामाविषयी आलेल्या अभिप्रायास गॅरेजमालकाचे उत्तर

आदरणीय महोदय,

आपल्या ॲम्बेसेडरचे क्रॉस, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याच्या दोन्ही टोकांचे अधिकच्या चिन्हासारखे सांधे, बदलण्याच्या कामाविषयीचा आपला एका ताऱ्याचा अभिप्राय परवा रात्री मुलाने मोबाईलवर वाचून दाखवला. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. काम लांबणार हे दिसताच मी स्वतःहून फोन करायला हवा होता. तो मी केला नाही आणि आपल्याला चौकशीसाठी जालन्यात हेलपाटा घालावा लागला, ही चूक माझीच आहे.

मात्र आपण लिहिले आहे की, ‘चार तासांच्या कामासाठी गाडी तीन दिवस मुद्दाम अडकवून ठेवली, दोन क्रॉसचे ४,६०० रुपये घेतले आणि गाडी अजूनही थरथरते.’ पैशांचे आणि थरथरण्याचे पुढे लिहितोच, पण ‘मुद्दाम’ हा शब्द मला फार लागला. वडिलांच्या हातचे हे गॅरेज आहे, आणि बाहेरगावची माणसे हल्ली तारे पाहूनच गाडी कुठे लावायची ते ठरवतात, म्हणून त्या तीन दिवसांचा हिशेब येथे सविस्तर देत आहे.

चार तास मीच म्हणालो होतो, हे खरे आहे. क्रॉसच्या टोकांवरच्या टोपीसारख्या कपांना अडवणारे लॉक सुटत असतील, ते कप ज्यांत बसतात ते योकचे, म्हणजे दांड्याच्या दुबेळक्या टोकाचे, कान शाबूत असतील आणि योग्य मापाचे क्रॉस हाताशी असतील, तर तो दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, उतरवून दोन्ही क्रॉस बदलायला तेवढाच वेळ लागतो. आपण गुरुवारी दुपारी चार वाजता आलात. गिअर टाकून क्लच सोडताच खालून ‘कट्’ असा आवाज येत होता आणि रिव्हर्सला तो दुप्पट होत होता. शाफ्ट उतरवण्यापूर्वी मागच्या फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीवर) आणि योकवर छिन्नीने खूण केली, कारण शाफ्ट होता तसाच परत बसला नाही तर त्याचा तोल बिघडतो. उतरवल्यावर दिसले की मागच्या क्रॉसच्या कपांभोवती तांबूस भुकटी साचली आहे, म्हणजे ग्रीस केव्हाच संपून कपांच्या आतल्या बारीक कांड्यांसारख्या सुया कोरड्या फिरत होत्या. चारही लॉक गंजून खोबणीत घट्ट बसले होते. ते जोर लावून काढले असते तर योकचा कान तडकला असता, म्हणून गंज सोडवणारे तेल मारून शाफ्ट रात्रभर तसाच ठेवला.

आता जे आपल्या अभिप्रायात आलेले नाही, ते नाइलाजाने लिहावे लागते. क्रॉस आपण स्वतः ऑनलाइन मागवून डब्यासह आणले होते आणि ‘हेच बसवा’ असा आपला आग्रह होता. मी आपल्यासमोरच व्हर्निअर (बारीक माप घेण्याचे साधन) लावून दाखवले की त्यांचा कप जुन्या कपापेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाड आहे. ‘ठोकून बसेल’ असे आपण म्हणालात. कदाचित तो बसलाही असता, पण कान फाकला असता आणि पुढच्या महिन्यात आपण येथे जे लिहिले असते, त्याला मात्र माझ्याकडे उत्तर नसते. योग्य मापाचे क्रॉस जालन्यात मिळाले नाहीत. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये बंद पडल्यापासून आपल्या मार्क-४ सारख्या गाडीचा एकेक भाग शोधण्यात किती वेळ जातो, हे ती गाडी हौसेने सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या जाणकारांना मी सांगायला नको. संध्याकाळी उशिरा छत्रपती संभाजीनगरातील एका ओळखीच्या दुकानदाराने ‘माल आहे’ असे सांगितले.

दुसरा दिवस पोळ्याचा होता. त्या दिवशी मराठवाड्यात कुणाला कामावर थांबवून घेता येत नाही आणि तसे करूही नये. माझ्याकडे कामाला असलेली दोन्ही मुले परतूर आणि घनसावंगीकडची आहेत, ती बैल सजवायला आदल्या रात्रीच गावी गेली होती, आणि दुकानदारानेही माल शनिवारीच देईन म्हणून कळवले होते. तरीही मी अर्धे शटर उघडून एकटा बसलो. जुने कप वाइसमध्ये दाबून काढले. एका बाजूला लहान गोटी, म्हणजे पान्याचा सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप आत येईल एवढी मोठी गोटी, आणि मध्ये योक. मागच्या क्रॉसच्या दांडीवर सुयांनी पाडलेल्या रेघा इतक्या खोल होत्या की त्यांत नख अडकत होते. आपण दुपारी आलात तेव्हा त्या मी आपल्याला दाखवल्या, आणि घरून आलेली पुरणपोळी आपण दोघांनी बाकड्यावर बसून खाल्ली. जेवू घातले म्हणून कुणी चांगले लिहावे असे नाही, पण ज्या माणसाने मला सणाच्या दिवशी काम करताना पाहिले, त्यानेच ‘मुद्दाम’ लिहावे, याचे वाईट वाटले.

शनिवारी सकाळच्या गाडीने क्रॉस आले. कान घासून साफ केले तेव्हा मागच्या योकच्या एका कानाचे भोक लांबट झालेले दिसले. त्यात नवा कपही सैल फिरला असता, त्यामुळे जुन्या बाजारातून चांगला योक शोधण्यात अडीच तास गेले. कप बसवतानाही घाई चालत नाही. आतली एक सुई जरी आडवी पडली, तरी कप पूर्ण आत जात नाही आणि लॉक खोबणीत बसत नाही. आमचेही एकदा तसे झाले आणि सगळे पुन्हा उघडून ग्रीस लावून सुया रचाव्या लागल्या. ती अर्ध्या तासाची चूक आमच्या कामावरच्या मुलाची होती, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. पण अर्धवट काम करून गाडी ताब्यात दिली असती आणि पुढचा क्रॉस चालत्या गाडीत सुटला असता, तर शाफ्टचे पुढचे टोक रस्त्यात रुतते, मग काय होते ते आपण जाणता.

पैशांविषयी एवढेच, की ४,६०० रुपयांत दोन क्रॉस, योक आणि वाहतूक धरून मजुरी केवळ १,४०० रुपये आहे, आणि बिल आपल्याकडे आहे.

थरथरण्याबद्दल सांगायचे तर, अंबड रस्त्यावर आपण शेजारी बसलेले असताना गाडी सत्तरपर्यंत नेली होती. ‘कट्’ गेला होता आणि कंप नव्हता. समृद्धी महामार्गावर नव्वदच्या पुढे कंप येतो, असे आता आपण लिहिता. योक बदलला आहे, तेव्हा शाफ्ट बॅलन्स करून घ्यावा आणि गिअरबॉक्सखालचे दबलेले रबर बदलावे, असे मी त्याच संध्याकाळी सुचवले होते. ‘आणखी खर्च नको’ म्हणून आपण नकार दिलात. तो आपला अधिकार आहे, पण त्याचा दोष क्रॉसवर टाकू नये, ही विनंती.

जुने क्रॉस आणि योक वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या डिकीत स्टेपनीशेजारी ठेवले आहेत. कोणत्याही जाणकार मिस्त्रीला ते दाखवावेत. यापुढे जुन्या गाड्यांच्या कामात अंदाजे वेळ कागदावर लिहून देण्याची आणि उशीर होत असल्यास कळवण्याची काही व्यवस्था करण्याचा आमचा विचार आहे.

नव्या क्रॉसना हजार किलोमीटरनंतर एकदा ग्रीस मारावे लागते. त्याचे पैसे घेणार नाही, आणि त्याच वेळी कंपही आपल्यासमोर पुन्हा तपासून देईन. फक्त येण्यापूर्वी एक फोन करावा आणि शक्यतो सणाचा दिवस टाळावा.

आपला नम्र,
गॅरेजचालक, जालना