‘आपल्या घरात असलं कोणी शिकवत नाही’

वर्षातून दोनदा तरी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून येतो. वंशद्वेष हा गोऱ्यांचा रोग, आपला तर विठोबाच काळा. लहान मुलांना रंग कळत नाही. आपल्या घरात असलं कोणी शिकवत नाही. यंदा तो काकांनी टाकला.

विठोबा काळा, कबूल. त्याच्या पायावर डोकं ठेवणाऱ्या घरातच ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ असं म्हणतात. हा ‘पण’ कुणाचा? गरोदर सुनेला केशर-दूध कशासाठी? ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आलं, तेव्हा साहेबाला जाऊन २८ वर्षं झाली होती.

मुलांना रंग कळतो. अमेरिकेत १९४०च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क यांनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या नि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेकांना गोरी बाहुली ‘चांगली’ वाटली.

आता शिकवण्याचं. काकांचा कोंढव्यात फ्लॅट आहे. एजंटाचा फोन आला: सुदानचा विद्यार्थी आहे, डिपॉझिट लगेच देतो. ‘हबशी नकोत हो,’ काका म्हणाले, ‘आणि ते मणिपूरवालेही नकोत.’ शेजारी माझा सात वर्षांचा मुलगा चित्र रंगवत होता. त्याला कुणी काही शिकवत नव्हतं. रात्री त्याने विचारलं, ‘बाबा, हबशी म्हणजे चोर का?’

हबश म्हणजे अॅबिसिनिया, आजचा इथिओपिया. तिथला तो हबशी. तिथून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, आणि १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. एवढं मुलाला सांगितलं. (शिवाजी महाराजांच्या गोष्टी त्याला काकांनीच सांगितल्यात, हे त्यांच्या खाती जमा.)

मेसेजच्या शेवटी ‘वडीलधाऱ्यांना दुखवू नका’ असंही आहे. मी गप्पच बसलो होतो, तेही ऐकून शिकतात मुलं. रविवारी जेवताना मुलगाच म्हणाला, ‘आजोबा, भातवडीला ते आपल्याच बाजूने होते ना? मग फ्लॅट का नाही दिला?’

काकांनी आमटी वाढून घेतली. ‘आता अकरा महिन्यांचा करार झालाय रे दुसऱ्याशी.’

करार जूनमध्ये संपतो.