दंड भरा मग मत द्या म्हणता, पण दंड किती ते तरी कुणी सांगा

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. अमेरिकेतल्या फ्लोरिडात शिक्षा भोगून आलेल्यांना दंडाची बाकी असली तरी मत देऊ द्यावं, ही माझी पोस्ट तुम्हाला अजिबात पटली नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की गुन्हा करताना हक्क आठवले नाहीत, आता कोर्टाचे पैसे बुडवून मत कशाला हवंय, आणि आपल्याकडे तरी कैद्याला कुठे मत देता येतं.

शेवटचं आधी घेते. आपल्याकडे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 62(5) मुळे तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही, कच्च्या कैद्यालाही नाही (ते मला चुकीचंच वाटतं, पण तो वेगळा विषय). मात्र माणूस सुटून घरी आला आणि यादीत नाव असलं की पुढच्या निवडणुकीला सरळ रांगेत उभा राहतो, बूथवर कुणी दंडाच्या पावत्या मागत नाही. फ्लोरिडात फेलनीची, म्हणजे कायद्याने गंभीर ठरवलेल्या गुन्ह्याची, शिक्षा झाली की मत जन्मभरासाठी जायचं, आणि फेलनी म्हटलं की खून-दरोडाच डोळ्यासमोर आणू नका, 2019 पर्यंत 300 डॉलरची चोरीसुद्धा त्यात बसायची. मत परत हवं तर गव्हर्नरच्या मंडळापुढे अर्ज, 2011 नंतर तर त्याआधी किमान 5 वर्षं थांबायचं, आणि एवढं करून हो म्हणायचं की नाही याला निकष काहीच नाही. 2016 मध्ये राज्यातल्या पाचातल्या एका प्रौढ कृष्णवर्णीयाला याच कारणाने मत नव्हतं.

स्वतः शिक्षा भोगून नंतर कायद्याची पदवी घेतलेले डेसमंड मीड आणि त्यांच्या सोबतच्यांनी गावोगाव सह्या गोळा करून, शिक्षा पूर्ण झाली की मत परत मिळावं अशी राज्यघटनेतली दुरुस्ती 2018 ला मतदानाला आणली. 60 टक्के लागत होते, 64 टक्क्यांहून जास्त मिळाले. त्याच दिवशी त्याच मतदारांनी रिपब्लिकन डिसँटिस यांना गव्हर्नर केलं, म्हणजे हे फक्त एका पक्षाचं काम होतं असं म्हणता येत नाही. खून आणि लैंगिक गुन्हेवाले त्यातून वगळलेलेच होते, तुमच्या कॉमेंटमध्ये तो राग दिसला म्हणून मुद्दाम सांगते.

आता पैसे. इथे तुमची बाजू खरंच भक्कम आहे, दुरुस्तीत शिक्षेच्या 'सगळ्या अटी' पूर्ण झाल्यावर असे शब्द आहेत, आणि 2017 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात दुरुस्तीच्या बाजूच्या वकिलांनीच सांगितलेलं की त्यात दंडही येतो. आधी सगळे पैसे भरा मग मत, असा कायदा विधिमंडळाने 2019 ला केला तो याच आधारावर. आणि पीडिताची भरपाई मिळालीच पाहिजे, त्यात माझा वाद नाही. पण मत अडवल्याने ती मिळते कुठे? वसुली कोर्ट करतंच, मत दिलं म्हणून देणं माफ होत नाही. शिवाय या रकमेत भरपाई हा एक भाग झाला, बाकी कोर्टाचे चार्जेस, आणि वकील परवडत नाही म्हणून कोर्टाने जो दिला त्याच्या अर्जाचेसुद्धा 50 डॉलर!

माझ्या ओळखीतल्या एका बाईंबरोबर मी त्यांच्या जुन्या केसची बाकी विचारायला कोर्टाच्या क्लार्ककडे गेले होते. केस नव्वदच्या दशकातली. निकालपत्रावर एक आकडा, खिडकीतल्या कॉम्प्युटरवर दुसरा, आणि वसुली एजन्सीच्या पत्रात तिसराच, कारण एजन्सी आपलं कमिशन त्यात चढवते, फ्लोरिडात ते 40 टक्क्यांपर्यंत चालतं. बाई वर्षानुवर्षं थोडे थोडे भरत आल्या होत्या, त्यातले किती मूळ रकमेत गेले आणि किती कमिशनमध्ये, हे खिडकीतल्या मुलीला सांगता येईना, तिने मनापासून शोधलं हो, जुना रेकॉर्डच नव्हता. बाई पैसे घेऊन उभ्या होत्या. नक्की किती भरले की मत मिळेल, हे सांगणारं कुणी नव्हतं.

आणि ही एकट्या त्या बाईंची गोष्ट नाही. 2020 मध्ये फेडरल जज रॉबर्ट हिंकल यांच्यापुढे हेच सगळं आलं, तेव्हा अशा 85,000 मतदारांची नोंदणी तपासायची बाकी होती आणि राज्याने त्यातली एकही तपासून पूर्ण केलेली नव्हती. त्यांनी पैसे भरण्याची अट बऱ्याच जणांसाठी रद्द केली, पण सप्टेंबरमध्ये अपील कोर्टाने 6 विरुद्ध 4 ने तो निकाल फिरवला. कायदा म्हणून आज तुमचीच बाजू जिंकलेली आहे.

चुकलं तर काय होतं तेही बघा. 2022 च्या ऑगस्टमध्ये राज्याने मत दिलं म्हणून 20 जणांना पकडल्याचं जाहीर केलं. त्यांचे गुन्हे वगळलेल्या प्रकारातले होते, त्यांना हक्क नव्हता हे खरं, पण त्यातल्या कितीतरी जणांच्या हातात सरकारनेच पाठवलेलं मतदार कार्ड होतं, त्यांनी ते खरं धरलं. हे पाहिल्यावर पात्र असलेला माणूससुद्धा फॉर्म भरायला घाबरणारच ना, त्या बाईंनी अजून भरलेला नाही.

तर दादा, थकबाकीदाराला मत नको हे तुमचं मत असू दे, त्यावर आपण भांडत राहू. पण मग बाकी किती, हे ठरलेल्या मुदतीत लेखी द्यायची जबाबदारी सरकारची, आणि नाही दिलं तर मत द्यायचा अधिकार त्या माणसाचा, एवढं तरी तुम्हाला मान्य आहे का ते लिहा. मी वाट बघते.