टॅबची स्लो लोकल

काचबिंदूने नजर गेली तेव्हा डॉक्टरांनी धीर दिला आणि मुलाने लॅपटॉप. त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए होतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने 2006 साली ते करायला घेतलं आणि जगाला फुकट दिलं. फुकट म्हटल्यावर आम्ही विक्रोळीकर पेन्शनर जरा सैलावलो.

शिकवायला येणारे सर माझ्या मुलाहून लहान, जन्मांध. त्यांचं मशीन बोलायला लागलं की कुरमुऱ्यांचं पोतं फाटल्यासारखं वाटे. मला एक अक्षर कळत नसे, आणि सर मात्र ऐकता ऐकता मध्येच हसत.

"काका, माउस विसरा. एफ आणि जेवरचे उंचवटे शोधा."

शोधले. पहिला उंचवटा पोह्याचा वाळलेला दाणा निघाला. मग नवी फाइल उघडून खालचा बाण दाबला, तर मशीन म्हणालं, "ब्लँक." पहिल्याच भेटीत ओळखलंन मला!

"टॅब म्हणजे स्लो लोकल," सर म्हणाले. "प्रत्येक लिंकला, प्रत्येक बटणाला थांबणार. एच म्हणजे फास्ट, फक्त मथळे घेणार. शिफ्ट धरलंत की परतीची गाडी."

हे मात्र झटकन डोक्यात शिरलं. नोकरीभर गर्दीत उभ्याने गेलो, खिडकी दिसली कुठे? घाटकोपर गेलं हे कानानेच कळायचं, मग दाराकडे सरकायचं. फक्त एकच पंचाईत: फास्ट विक्रोळीला थांबत नाही, आणि मला हवं ते बटण नेमकं विक्रोळीलाच असतं.

परवा एकट्याने वीजबिल भरायला बसलो. बाणाने नावाच्या चौकटीपाशी पोचलो आणि 'कुलकर्णी' टाइप करू लागलो. के दाबताच मशीन पुढच्या लिंकवर गेलं, यू दाबल्यावर न उघडलेल्या लिंकवर, एल दाबल्यावर कुठल्याशा यादीत. आधी एंटर मारून चौकटीत शिरायचं असतं, हे सरांनी तीनदा सांगितलं होतं. माझं आडनाव अख्ख्या पानभर वणवण फिरून आलं.

पुढे नुसतं "बटण. बटण. बटण." साईट करणाऱ्याने बटणांना नावंच दिली नव्हती. पाट्या नसलेल्या स्टेशनांवर कुठे उतरायचं? तिसऱ्यावर उतरलो, तर पुन्हा सीएसएमटीपासून सुरुवात.

दुसऱ्या फेरीत शेवटपर्यंत पोचलो. तिथे "ग्राफिक", आणि खाली सूचना: चित्रातली अक्षरं लिहून तुम्ही माणूस असल्याचं सिद्ध करा. साक्षीदार म्हणून बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली आणि बराच वेळ पडद्याशी वाकून उभी राहिली.

"अहो, हा एस आहे की पाच? काही कळत नाहीये. माझा चष्मा कुठे दिसतोय का बघा हो जरा."