सिग्माच्या ‘तीन प्राचीन ट्रिक्स’ पुढे पाठवण्याआधी

सिग्मा (Σ) ही बेरजेची खूण: क ला खालच्या आकड्यापासून वरच्या आकड्यापर्यंत एकेक किंमत द्यायची आणि येणारी सगळी पदं मिळवायची. तर ‘सिग्मा उलगडत बसू नका! प्राचीन भारतीय गणिताच्या तीन ट्रिक्स, उत्तर दहा सेकंदांत’ असा एक मेसेज फिरतोय. फिरू दे म्हणून सोडून दिला असता. पण तो भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर पोचला, तिने वहीत उतरवला आणि वर मलाच म्हणते, ‘मामा, तुझी पद्धत फार लांबलचक आहे.’

पहिली ट्रिक: सिग्माच्या आत वर्ग असेल तर आधी बेरीज करा, वर्ग मागाहून करा, उत्तर तेच. काय तेच? क ची किंमत १ ते ३ घ्या. वर्गांची बेरीज १ + ४ + ९ = १४. बेरजेचा वर्ग ६ × ६ = ३६. एवढं पडताळायला लिहिणाऱ्याकडे दहा सेकंदही नव्हते? खरा घोळ पुढे संख्याशास्त्रात होतो. १, २, ३ यांचं प्रसरण, म्हणजे संख्या सरासरीभोवती किती पसरल्यात याचं माप, काढताना वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करतात: १४/३ − ४ = २/३. आता १४ च्या जागी ट्रिकचे ३६ घाला. प्रसरण येतं ८, आणि त्याचं वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, साधारण २.८३. सरासरी २, तिच्यापासून एकही संख्या १ पेक्षा लांब नाही, आणि विचलन म्हणे २.८३!

बरं, प्राचीनांची साक्ष काढलीच आहे तर आर्यभटाचा ‘आर्यभटीय’ उघडा, गणितपाद म्हणजे गणिताच्या प्रकरणातला २२ वा श्लोक. इ.स. ४९९ च्या सुमाराचा ग्रंथ. वर्गांच्या बेरजेची रीत तिथे स्वतंत्र दिली आहे: शेवटची संख्या, तिच्याहून एकने मोठी संख्या आणि या दोघींची बेरीज, तिघींचा गुणाकार भागिले सहा. ३ × ४ × ७ / ६ = १४. त्याच श्लोकात बेरजेचा वर्गही आहे, पण तो घनांच्या बेरजेएवढा: १ + ८ + २७ = ३६. म्हणजे मेसेजवाल्याने कुठेतरी अर्धवट ऐकलं असावं, एवढं नाइलाजाने मान्य. तेही मोजणी १ पासून असेल तरच. २ आणि ३ घेतले तर घनांची बेरीज ३५, बेरजेचा वर्ग २५.

दुसरी ट्रिक, पदांची संख्या म्हणजे वरचा आकडा वजा खालचा. ३ ते ७ बोटांवर मोजा. पाच भरतात, चार नाही. एक मिळवायचा राहिलाय.

तिसरी, आतला स्थिर आकडा सरळ बाहेर काढून एकदाच घ्या. गुणक असेल तर बाहेर येतो, खरंय. पण मिळवलेला आकडा प्रत्येक पदात असतो. क १ ते ४ साठी ‘२क + ५’ उलगडा: ७ + ९ + ११ + १३ = ४०. मेसेजप्रमाणे ५ एकदाच: २ × १० + ५ = २५.