बीपी-शुगर हा श्रीमंतांचा आजार आहे, असं म्हणणं आता बंद करा

बसून खाणाऱ्यांना बीपी-शुगर होते, उन्हात राबणाऱ्याला काय होते? आमच्या यवतमाळकडं हे अजूनही छातीठोकपणे बोललं जातं. माझं बाजाराच्या गावात औषधाचं दुकान आहे. मला रोज याच्या उलट दिसतं.

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या लोकांनी 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. 2015 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मलेरियासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या जिल्ह्यात सर्वांत जास्त माणसं गेली होती लकव्यानं. सातातला एक मृत्यू! आणि त्यातले बहुतेक घरीच गेले.

2019 साली 'प्युअर' या 20 देशांतल्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढं आली. गरीब देशांत कमी शिकलेल्यांना हार्ट अटॅक, लकवा जास्त येतो आणि त्यातून मरण्याचं प्रमाणही जास्त. विशेष म्हणजे त्यांच्या सवयी शिकलेल्यांपेक्षा वाईट नव्हत्या. कमी पडत होते ते उपचार. घरच्या मालमत्तेपेक्षाही शिक्षणाचा संबंध जास्त ठळक निघाला.

हे वाचल्यावर मला नवल वाटलं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीस गोळ्या असतात, बाई म्हणते, "भाऊ, पाचच द्या सध्या." त्या संपल्या की, "आता बरं वाटते न, मंग कायले खाऊ?" बीपी दुखत नाही, खुपत नाही. ते वाढलेलं असतानाही बरंच वाटतं, हे तिला कुणी बसून सांगितलेलंच नसतं. मास्तर दोनदा विचारतो, चिठ्ठी वाचतो, रजा टाकून तपासणीला जातो. तिची कापूसवेचणीची मजुरी किलोवर. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते, पण सकाळच्या ओपीडीला गेली की त्या दिवसाची मजुरी गेली, आणि त्यात कधी गोळ्या संपलेल्या. हिला निष्काळजी म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाल्लं जातं, मान्य. तंबाखूनं रक्तवाहिन्यांची वाट लागते आणि तो सुटलाच पाहिजे. पण काडीसारख्या माणसाला शुगर निघते तेव्हा लोक चक्रावतात. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी दाखवून दिलंय की आपल्याकडची बाळं जन्मतः वजनानं कमी असूनही अंगात चरबी बाळगून असतात. आईच्या पोटातली उपासमार पुढं आयुष्यभर हिशेब मागते. त्यात त्या बाळाचा काय दोष?

सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते, चांगलंच आहे, कित्येक जीव वाचले. पण बीपीची गोळी रुपया-दोन रुपयांची. ती अखंड मिळाली तर अनेकांवर लकव्याची वेळच येणार नाही.

म्हणून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. वेचणीच्या हंगामात उपकेंद्र आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी उघडं ठेवा, गोळ्या एकदम दोन महिन्यांच्या द्या, आशाताईंना बीपीचं चालू मशीन द्या आणि शेतात जाऊन मोजण्याचे वेगळे पैसेही द्या. गावातल्या शिकलेल्या पोरांनी त्या दिवशी यावं. ठरावाला सह्या लागतील.