हळद, हिरवी शेडनेट आणि 'मशीन' : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. लग्नाचे फोटो लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये गटागटाने आणि एआयच्या मदतीने कसे एडिट करायचे, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चार गोष्टी म्हणालात. हळदीत मशीन, म्हणजे हे एआय, नवरीला निळी-हिरवी करून टाकतं. एडिटिंगवर जगणाऱ्या पोरांचं पोट मारलं जातं. खेड्यात नेट चालत नाही. आणि शेवटी, 'एसीत बसून ज्ञान पाजळण्यापेक्षा एकदा मांडवात या, हाई सोंग बंद करा.'

शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलतो, कारण ते लागलं. रोल धुवायला टाकायचे दिवस होते तेव्हापासून मी जळगाव-भुसावळ-चोपडा पट्ट्यात लग्नं करतोय. मे महिन्यात पत्र्याखाली ४४ अंशांत उभं राहून जेवढी हळद तुम्ही टिपली असेल, तेवढी मीही टिपली आहे. मुद्दा पटला नाही तर खुशाल खोडून काढा, पण समोरचा मांडवात गेलाच नाही हे ठरवून बोलू नका. 'सोंग' म्हणायच्या आधी निदान एक स्क्रीनशॉट टाकला असता, तर चूक नेमकी कुठे होते ते इथेच सगळ्यांना दाखवता आलं असतं.

आता हळद. तुमच्या त्या एका वाक्यात दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळले आहेत. निळं होण्याचं कारण वेगळं, हिरवं होण्याचं वेगळं.

निळं होतं ते व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल लावणाऱ्या सेटिंगमुळे. पिवळे कपडे, झेंडूच्या माळा, पिवळा पडदा आणि हळदीने माखलेला चेहरा असं सगळं फ्रेममध्ये भरलं की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स त्या पिवळ्याला प्रकाशाचा दोष समजतो आणि टेम्परेचर (निळ्या-पिवळ्याचा तोल) खाली, निळ्याकडे ओढतो. जवळून घेतलेला फोटो निळा आणि लगेच घेतलेला वाइड बरा, असं होतं ते यामुळेच. म्हणजे गोंधळ एआयपर्यंत पोचण्याआधी कॅमेऱ्यातच सुरू झालेला असतो. उपाय सोपा आहे. हळदीला ऑटो बंद करा, केल्व्हिन (टेम्परेचरचा आकडा) एकच ठेवा. मोकळ्या सावलीत ६००० ते ६५०० च्या आसपास ठेवून सुरुवात करा आणि उजेड बदलला की एकदा ग्रे कार्डचा (रंग जुळवायच्या राखाडी कार्डाचा) फोटो घ्या. नवरदेवाच्या पांढऱ्या कुर्त्यावर आयड्रॉपर (क्लिक करून व्हाइट बॅलन्स ठरवायचं टूल) मारू नका. आजकालच्या पांढऱ्या कापडात आणि साबणात चकाकी आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळे सावलीत ते कापड निळसर दिसतं. त्यावर मारलेला व्हाइट बॅलन्स सगळा फोटो पिवळा करून ठेवतो.

हिरव्याचं कारण बहुतेक वेळा डोक्यावर असतं. आपल्याकडे अंगणातल्या मांडवावर हिरवी शेडनेट टाकतात. वरून येणारा उजेडच हिरवा, मग टेम्परेचर कितीही हलवा, चेहरा सुधारत नाही. तिथे टिंट (हिरव्या-मॅजेंटाचा तोल) मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे न्यावा लागतो. माझ्याकडे तो बहुधा +१५ ते +३० मध्ये बसतो. त्याच मांडवाच्या कडेला उभ्या करवलीवर बाहेरचा उजेड पडतो, तिला हा आकडा लावला तर ती गुलाबी होते. म्हणून गट विधीप्रमाणे पाडायचे नाहीत, उजेडाप्रमाणे पाडायचे. शेडनेटखालचे वेगळे, कडेचे वेगळे, घरातल्या ट्यूबलाइटचे वेगळे. 'हळद' नावाचा एकच गट करून सगळ्यांवर सिंक मारलं, म्हणजे एकाच फोटोची सेटिंग सगळ्यांना लावली, की तुम्ही म्हणता तशीच नवरी दिसणार, आणि ते हाताने एडिट करणाऱ्याच्या हातूनही होतं.

एक तिसरी गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण खरी अडचण तिथेच आहे. इमॅजेन किंवा आफ्टरशूटसारख्या एआय एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची प्रोफाइल बनवायला, म्हणजे त्याला आपली एडिटिंगची पद्धत शिकवायला, तुम्ही पूर्ण केलेले दोन-अडीच हजार फोटो द्यावे लागतात. बहुतेक जण सप्तपदी, स्टेज आणि कपल पोर्ट्रेट देतात, कारण तेच मन लावून एडिट केलेले असतात. हळदीचे त्यात चिमूटभर. मग ते सॉफ्टवेअर पिवळ्या चेहऱ्याला दोष समजून धुऊन काढतं. त्याला हळद दाखवलीच नाही, तर ओळखणार कसं? हळदीची प्रोफाइल वेगळी बनवा. त्यात नुसता प्रीसेट (तयार सेटिंग) मारून सोडलेले फोटो आणि ब्लॅक अँड व्हाइट घालू नका. दोन कंपन्यांचे दोन कॅमेरे असतील तर दोघांचा रंग वेगळा असतो, तेही एकात मिसळू नका.

अशी एआय प्रोफाइल नसेल आणि लाइटरूमवरच भागवायचं असेल, तर हळदीला 'अडोबी कलर'ऐवजी 'न्यूट्रल' ही लाइटरूममधली रंगाची प्रोफाइल घ्या. पिवळ्याचा ह्यू (रंगछटा) ५ ते १० ने नारिंगीकडे आणि सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) १० ते १५ ने खाली. ओल्या हळदीवर ऊन पडलं की लाल चॅनेल आधी फुटतो, म्हणजे लाल रंग मर्यादेबाहेर जाऊन त्यातले बारकावे जातात, आणि गालावर सपाट ठिगळ दिसतं. ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. शूट करतानाच आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरव्या, निळ्याचा आलेख) बघून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक तृतीयांश स्टॉप खाली घ्या. गटात एक्स्पोजर कमी-जास्त असेल तर सरळ सिंक न करता 'मॅच टोटल एक्स्पोजर्स' वापरा. ते शटर, ॲपर्चर आणि आयएसओवरून हिशेब करतं. फ्लॅश मारलेल्या फोटोंवर मात्र ते चुकतं, कारण फ्लॅशचा उजेड या हिशेबात येत नाही.

इंटरनेटबद्दल तुमचं बरोबर आहे. तालुका सोडला की अपलोड रडतं, आणि मी त्यावर लिहायला हवं होतं. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) २५ ते ३० एमबीची. तीन हजार फोटो म्हणजे ७५ ते ९० जीबी. पण क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या सॉफ्टवेअरला, पूर्ण रॉ लागत नाही. लाइटरूमचे स्मार्ट प्रीव्ह्यू (रॉच्या छोट्या प्रती) लांब बाजूने २५६० पिक्सेलचे असतात, तेवढ्यावर काम होतं. तेही जड वाटत असेल तर आफ्टरशूट आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं.

पोरांच्या पोटाचं म्हणाल, तर अल्बमचं बारा बाय छत्तीसचं पान लावायला, दागिन्यावरची चमक मारायला, ग्रुप फोटोतले मिटलेले डोळे बदलायला माणूसच लागतो. त्यावर यापेक्षा जास्त मला बोलायचं नाही.

मशीनला शिव्याच घालायच्या होत्या, तर त्याची जागा दुसरी होती, आणि ती तुमच्या नजरेतून सुटली. ऑटो रिटचला (चेहरा आपोआप साफ करणाऱ्या सोयीला) त्वचेवरचे डाग काढायची मुभा दिली की ते आजीच्या कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसतं. गालावरचा तीळ पुसतं, कधी नाकातल्या मुरणीच्या चमकीलाही खातं. त्या घरात आजीचा तेवढा एकच चांगला फोटो असू शकतो. म्हणून रिटच फक्त नवरा-नवरीच्या पोर्ट्रेटवर चालवा, तीळ आणि गोंदण वगळायचा पर्याय असेल तर तो निवडा, नसेल तर डाग काढणं बंद ठेवा आणि मुरमं हाताने काढा. वयस्कर माणसांच्या फोटोंना हात लावू देऊ नका. फोटो निवडून देणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच. मंगलाष्टकांत नवरीची नजर खाली असते, पाठवणीत डोळे मिटून रडणं असतं, आणि हे सॉफ्टवेअर 'डोळे बंद' म्हणून नेमके तेच फोटो बाजूला काढतं. हे दोन प्रसंग मी त्याच्याकडे सोपवतच नाही.

तेव्हा भाऊ, शब्दाला शब्द नको. तुमच्या एखाद्या हळदीच्या दहा रॉ फाइल द्या. शेडनेटखालच्या पाच, कडेच्या पाच, जमलं तर दोन्ही कॅमेऱ्यांच्या. मी गट पाडून, प्रत्येक गटाचा टेम्परेचर आणि टिंट लिहून, इथेच टाकतो. तुम्ही हाताने केलेले तेच दहा शेजारी लावू आणि वाचकांना बघू देऊ. फक्त जेपीईजी पाठवू नका. त्यात कॅमेऱ्याने व्हाइट बॅलन्स आधीच ठरवून टाकलेला असतो, आणि निळा झालेला चेहरा तिथून पूर्ण परत येत नाही.